पार्ट मोजता, तशी आमच्या पोरांची बोटंही मोजा

प्रति,
पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या मोठ्या वाहन कंपन्यांचे पर्चेस, एससीएम (सप्लाय चेन) आणि सप्लायर क्वालिटीचे प्रमुख

सप्रेम नमस्कार,

मी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, प्रॉडक्शन मॅनेजर आहे. तुमच्या गाड्यांच्या सीटखालचे ब्रॅकेट, दरवाजाचे हिंज, सायलेन्सरचे क्लॅम्प असले शे-दीडशे पार्ट आमच्याकडून जातात. २००५ साली डिप्लोमा करून भोसरीत ट्रेनी म्हणून लागलो तेव्हापासून प्रेसच्या आवाजातच आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, तुमचंही लिहीत नाही, कारण हे पत्र एकाला उद्देशून नाही आणि माझ्या मालकांचा धंदा जाऊ नये असंही मला वाटतं.

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी एका कंपनीच्या व्हेंडर मीटला, म्हणजे पुरवठादारांच्या बैठकीला, मालकांसोबत गेलो होतो. जेवणाच्या आधीच्या शेवटच्या प्रेझेंटेशनमध्ये नवीन व्हेंडर रेटिंग दाखवलं. क्वालिटीला ४० मार्क, डिलिव्हरीला ३०, कॉस्टला २०, राहिलेले १० डॉक्युमेंट आणि रिस्पॉन्सला. त्याच स्लाइडवर खाली होतं की लाइन स्टॉपेजचा डेबिट, म्हणजे आमच्यामुळे तुमची लाइन थांबली तर कापायचे पैसे, मिनिटावर लागणार, कारण काहीही असो, आणि स्टॉक तीन दिवसांवरून एका दिवसावर आणायचा. वर दरवर्षीसारखी ३ टक्के प्राइस रिडक्शन होतीच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. या शंभर मार्कांत सेफ्टीला किती, हे हात वर करून विचारायला पाहिजे होतं, पण मालक शेजारी बसलेले आणि पुढच्या आठवड्यात नवीन पार्टची आरएफक्यू, म्हणजे रेट मागवायची फेरी, उघडणार होती, म्हणून गप्प बसलो. तेव्हा नाही विचारलं, ते आता सगळ्यांसमोर विचारतोय.

मला हे इतकं का लागलंय ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, मार्च महिना, म्हणजे वर्ष संपायच्या आधीची ओढाताण. रात्री पावणेबाराला मला तुमच्याकडच्या एका एससीएमवाल्याचा फोन आला की सकाळच्या शेड्यूलमध्ये मॉडेल बदललंय, अमुक ब्रॅकेटचे १२०० पीस सहाच्या आत गेटला पाहिजेत नाहीतर लाइन थांबेल. तो पार्ट आमच्या ११० टनाच्या प्रेसवर होता आणि त्या प्रेसचा लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर, संध्याकाळपासून सारखा फॉल्ट देत होता. तेलाची वाफ लेन्सवर बसते, कनेक्टर सैल होतो, असं काहीतरी असतं, मेंटेनन्सचा माणूस सकाळी येणार होता. सुपरवायझरने फोनवर विचारलं, सर, बायपास करू का. बायपासची, म्हणजे सेन्सर बंद करून प्रेस चालवायची, किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये होती, ड्रॉवरची चावी त्याला कुठे आहे ते माहीत होतं. मी म्हणालो, कर, पण अनुभवी पोराला बसव.

पहाटे तीन वीसला परत फोन. सर, पोराचा हात गेला.

मी पोचलो तेव्हा त्याला हॉस्पिटलला नेलं होतं. प्रेससमोर त्याची एक चप्पल पडलेली, सेफ्टी शू बाजूला काढून ठेवलेले, कारण एक नंबर मोठे मिळाले होते आणि पाय दुखतो म्हणून तो नाइटला चप्पल घालायचा, हे मला त्या दिवशी कळलं. हेल्परने तुटलेला भाग चहाच्या टपरीवरून बर्फ आणून थेट बर्फात टाकून नेला होता, तो स्वच्छ ओल्या कपड्यात गुंडाळून पिशवीत घालून मग ती पिशवी बर्फावर ठेवायची असते हे आम्ही कुणी त्यांना कधी शिकवलंच नव्हतं. तसाही उपयोग झाला नसता, डॉक्टर म्हणाले धारदार पात्याने तुटलं असतं तर जोडायचा प्रयत्न केला असता, हे चिरडलंय. उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं आणि मधल्या बोटाचं एक पेर गेलं.

पोरगं उदगीरकडचं, तेवीस वर्षांचं, कॉन्ट्रॅक्टवर. पोलीस भरतीची तयारी करत होता. चाकणच्या कंपन्यांत अशी किती पोरं आहेत ते तुम्हाला तुमच्या लाइनवर उभं राहिलात तर कळेल, रूमवर चौघं-पाचजण राहतात, शिफ्ट सुटली की मैदानावर जातात. याची सोळाशे मीटरची वेळ चांगली होती, गोळाफेकीत कमी पडतो म्हणायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचे वडील एसटीने आले. माझ्यावर ओरडतील, अंगावर येतील असं वाटलं होतं, त्यांनी फक्त विचारलं, साहेब, त्याला सही करता येईल ना? मी म्हणालो, येईल. भरतीचं त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

त्या रात्री दुसऱ्या प्रेसवर डाय, म्हणजे पार्टचा साचा, चढवून लॉट पूर्ण केला, गाडी सहा बावीसला तुमच्या गेटला लागली. तिसऱ्या दिवशी २२ मिनिटांची डेबिट नोट मेलवर आली. रक्कम त्या पोराच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त होती. आमच्याकडे अपघात झाल्याचं तुमच्या माणसाला मी त्याच पहाटे फोनवर सांगितलं होतं, तो म्हणाला, अरेरे, वाईट झालं, पण मटेरियल कधी निघतंय?

त्या माणसाला मी दोष देत नाही, त्यालाही वरून फोन येत होते. आणि किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये होती, कर असं मीच म्हणालो होतो, हे मी कुणावर ढकलत नाही आणि ढकलणारही नाही. पण मी तसं का म्हणालो याची कारणं चाकणच्या प्रत्येक प्रेस शॉपमध्ये रोज रात्री हजर असतात, आणि त्यातली बरीचशी तुमच्या ऑफिसातून निघतात. ती सांगतो.

पहिलं कारण तुमची कॉस्ट शीट. आमचा रेट कसा ठरतो ते तुम्हाला माहीत आहे, बाहेरच्या लोकांसाठी लिहितो. पत्र्याचं वजन, त्यातून स्क्रॅपची वजावट, मग प्रेसच्या टनेजप्रमाणे एका स्ट्रोकचा, म्हणजे एका ठोक्याचा, रेट, तो पैशांत असतो, मग रिजेक्शन, ओव्हरहेड, प्रॉफिट. प्रत्येक ओळीवर तुमचा बायर पेन्सिल घेऊन बसतो. सेन्सर, गार्ड, त्यांचा मेंटेनन्स, याला त्या शीटमध्ये ओळच नाही. तो खर्च ओव्हरहेडमध्ये धरा म्हणतात आणि ओव्हरहेडचा टक्का तुम्हीच ठरवलेला असतो. मग दरवर्षी ३ टक्के कापायचे कुठून? पत्र्याचा भाव आमच्या हातात नाही, वीज नाही. उरतो माणूस आणि मेंटेनन्स.

आता प्रेसवरचं काम कसं असतं ते सांगतो, कारण तुमच्या पर्चेसमधले अनेक जण हुशार एमबीए आहेत पण प्रेससमोर तासभर उभे राहिलेले नाहीत. सिंगल स्टेजच्या डायवर पोरगं डाव्या-उजव्या हाताने ब्लँक, म्हणजे कापलेला पत्रा, आत ठेवतं, स्ट्रोक मारतं, पार्ट बाहेर काढतं. तासाला ३७० पीस आणि प्रत्येक पीसला दोनदा हात धरला तर एका शिफ्टमध्ये हात साडेपाच हजार वेळा डायमध्ये जातो आणि बाहेर येतो. रॅम, म्हणजे प्रेसचा वरखाली होणारा भाग, वरून खाली यायला पाऊण सेकंदसुद्धा लागत नाही. साडेपाच हजारांतल्या एका वेळी डोळा लागला, मागून कुणी हाक मारली, पार्ट डायला चिकटला म्हणून बोट परत आत गेलं, एवढंच पुरतं. ते पोरगं निष्काळजी नसतं, ते फक्त माणूस असतं.

लाइट कर्टन लावला की झालं असंही नाही. तो डायपासून किती लांब लावायचा याचा हिशोब असतो. प्रेस थांबायला जितका वेळ लागतो त्याला हाताच्या वेगाने गुणायचं. हात सेकंदाला दोन मीटर वेगाने आत जातो असं धरलं आणि प्रेसला थांबायला सेकंदाचा पाचवा भाग लागला तर कर्टन निदान ४० सेंटीमीटर लांब पाहिजे. पण लांब लावला की पोराला प्रत्येक पीसला मागे-पुढे व्हावं लागतं, ताशी आकडा पडतो, म्हणून कुठेकुठे तो पुढे सरकवतात. दिसायला कर्टन असतो, हिरवा दिवा लागलेला असतो, ऑडिटच्या चेकलिस्टवर टिक होते. दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून दोन हातांची पुश बटणं असतात त्यातलं एक पट्टी लावून दाबून ठेवलेलं तुमच्याही ऑडिटरने पाहिलेलं असेल.

आणि जुना चावी क्लचचा प्रेस असेल, ज्याला आपल्याकडे पिन क्लच पण म्हणतात, तर त्याला सेन्सर लावून काही होतच नाही, कारण त्या क्लचची चावी एकदा लागली की रॅम पूर्ण फेरी मारूनच थांबतो, मध्ये थांबायची त्याला सोयच नाही. चावी झिजली किंवा स्प्रिंग गेली तर पॅडल न दाबता दुसरा स्ट्रोकही पडतो. असे प्रेस भोसरीत, चिखलीत छोट्या शेडमध्ये अजून भरपूर चालतात आणि त्यांवरचे पार्ट आमच्यामार्फत तुमच्याच गाडीत बसतात. आम्हीही त्या शेडवाल्यांना तेच करतो जे तुम्ही आम्हाला करता, रात्री फोन, सकाळी गाडी, रेट कमी कर. हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे.

दुसरं म्हणजे शेड्यूल. महिन्याचं शेड्यूल येतं, आठवड्याचं येतं, मग रोजचं येतं आणि मग रात्रीचा फोन येतो. एका दिवसाचा स्टॉक ठेवा असं तुम्ही म्हणता तेव्हा चाकणच्या तळेगाव चौकातली आणि आंबेठाण चौकातली कोंडी त्यात धरलेली नसते, आठ-दहा किलोमीटरला गाडी दोन तास उभी राहते. ते दोन तास भरून काढायचे कुठे, तर प्रेसवर. डाय बदलायला शांतपणे तासभर लागतो, घाईत पंचवीस मिनिटांत करतात, आणि घाईत डाय सेट करताना रॅमखाली तो अडवून धरणारा सेफ्टी ब्लॉक लावायचा राहतो. ही साखळी तुमच्या प्लॅनिंगच्या स्क्रीनवर दिसत नाही, मला रोज दिसते.

तिसरं, पैसे. छोट्या उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं हा २००६ च्या कायद्याचा नियम आहे, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज आहे. आमच्या खालचे शेडवाले ९० दिवस थांबतात आणि तक्रार कुणी करत नाही, कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद. नव्वद दिवस पैसे अडकलेला माणूस मध्येच थांबू शकणारा न्यूमॅटिक क्लचचा प्रेस घेणार कुठून?

चौथं मला सगळ्यात जास्त खुपतं. तुमची क्वालिटीची माणसं आमच्याकडे महिन्यातून दोनदा येतात. एका पार्टला बर, म्हणजे कडेला पत्र्याची धार, आला तर एट-डी, म्हणजे चुकीच्या कारणाचा आणि उपायाचा रिपोर्ट, मागतात, पाच वेळा का विचारतात, फोटो मागतात, आम्हाला तुमच्या गेटवर सॉर्टिंगला उभं करतात. करा, ते बरोबरच आहे, त्याने आमची क्वालिटी सुधारली हे मी कुणासमोरही कबूल करीन. पण त्या पोराच्या अपघातानंतर तुमच्यापैकी कुणीही एट-डी मागितला नाही. प्रोसेस एफएमईएच्या, म्हणजे कामात काय चुकू शकतं त्याच्या, तक्त्यात सगळ्यात वरचा सिव्हिरिटीचा (गांभीर्याचा) आकडा ऑपरेटरच्या जिवाला धोका असेल तर द्यायचा असं छापलेलं आहे, ती फाइल तुमच्या सहीने अप्रूव्ह होते, आणि इतक्या वर्षांत मला त्या ओळीवर एकही प्रश्न आलेला नाही. पार्टवर ओरखडा आला तर रात्री दोनला फोन येतो.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये मशीनचे धोकादायक भाग झाकलेले पाहिजेत हे होतंच, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नवीन लेबर कोडमध्येही सुरक्षेची जबाबदारी कारखाना चालवणाऱ्यावरच आहे. म्हणजे मालक आणि माझ्यासारखा मॅनेजर. ती आम्ही झटकत नाही. पण ज्याच्या फोनमुळे प्रेस चालू झाला त्याचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही. सेबीच्या नियमामुळे मोठ्या लिस्टेड कंपन्या दरवर्षी बीआरएसआर (व्यवसायाच्या जबाबदारीचा) रिपोर्ट भरतात, त्यात तुमच्या स्वतःच्या प्लांटमधले अपघात लिहावे लागतात. आमच्या शेडमधलं बोट त्यात मोजलं जात नाही.

नुकसानभरपाईच्या कायद्यात एक परिशिष्ट आहे, त्यात बोटांचे टक्के लावलेले आहेत. तर्जनीची दोन पेरं गेली तर ११ टक्के, मधल्या बोटाचं एक पेर ७ टक्के. आमच्या पोराचे १८ टक्के झाले. सोळा हजार पगार धरला तर ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) हिशोबाने महिन्याला साधारण अडीच हजार पेन्शन, आयुष्यभर. ती मिळते, वेळेवर मिळते, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त त्या तक्त्यात भरतीच्या मैदानाचा कॉलम नाही.

आता मागण्या. यातली एकही अशक्य नाही, आणि तुमच्यातल्या एकाने जरी सुरुवात केली तरी बाकीच्यांना करावी लागेल.

१. व्हेंडर रेटिंगमध्ये सेफ्टीला निदान २० मार्क द्या, आणि त्यात नापास झालेल्याला नवीन पार्ट देऊ नका, मग त्याचा रेट कितीही कमी असो. आम्ही नापास झालो तर आम्हालाही देऊ नका.

२. सेन्सर, गार्ड किंवा अपघात या कारणाने व्हेंडरने प्रेस थांबवला तर त्या वेळेचा लाइन स्टॉपेज डेबिट लावू नका. खोटं कारण सांगतील ही भीती असेल तर तुमचा माणूस पाठवून मशीन बघा, आम्ही दार उघडं ठेवतो.

३. कॉस्ट शीटमध्ये सेफ्टीची वेगळी ओळ टाका आणि वार्षिक रिडक्शन त्या ओळीला लावू नका.

४. डायचं डिझाइन तुम्हीच अप्रूव्ह करता. ज्या डायमध्ये हात घालावाच लागतो तो डाय अप्रूव्ह करू नका. पार्ट आपोआप बाहेर काढणारा इजेक्टर, च्यूट, मॅग्नेटचा चिमटा, जास्त पीस असतील तर पत्रा आपोआप पुढे सरकवणारं प्रोग्रेसिव्ह टूल, हे सगळं सुरुवातीला केलं तर फार महाग नसतं, नंतर करायला कुणी तयार होत नाही. माझ्या मते फक्त ही एक मागणी मान्य झाली तरी निम्मं काम होईल.

५. तीन दिवसांचं शेड्यूल गोठवा. बदलायचंच असेल तर स्टॉक तुम्ही ठेवा.

६. आमचे अपघात मागा. दर महिन्याला, पीपीएमसारखे, म्हणजे दहा लाखांत किती पार्ट खराब ते मागता तसे, कॉन्ट्रॅक्टची पोरं आणि खालचे शेडवाले धरून. आणि ज्याने खरा आकडा दिला त्याला शिक्षा करू नका, नाहीतर पुढच्या महिन्यापासून सगळ्यांचा आकडा शून्य येईल आणि रजिस्टर कोरं राहील.

७. चावी क्लचचे प्रेस बदलायला छोट्यांना मदत करा, डाय बनवायला टूलिंग अ‍ॅडव्हान्स देता तसा. आणि त्यांचं बिल ४५ दिवसांत.

माझ्यासारख्या इतर मॅनेजर लोकांनाही दोन शब्द. आपण सगळे एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहोत, एकमेकांना पत्रा उसना देतो, डाय-सेटर उसना देतो, पण अपघात झाला की गप्प बसतो. तुमच्या ड्रॉवरमध्येही ती किल्ली असेल.

माझ्याकडे आता नाही. त्या अपघातानंतर बायपासच्या सगळ्या किल्ल्या मी मालकांच्या कपाटात ठेवायला लावल्या, रजिस्टरवर मालकांची सही झाल्याशिवाय ती निघत नाही, आणि मालक रात्री फोन उचलत नाहीत, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. पोरगं आता आमच्याकडेच स्टोअरला आहे, पर्मनंट केलं, डाव्या हाताने लिहायला शिकला, बिन कार्डवर त्याचं अक्षर माझ्यापेक्षा बरं येतं. किल्ल्या कपाटात गेल्यापासून सेन्सर बंद म्हणून आम्ही दोनदा प्रेस थांबवला, दोन्ही वेळा तुमची डेबिट नोट आली, एकदा १४ मिनिटं, एकदा ३१. मालकांनी भरली, मला काही बोलले नाहीत, पण तिसऱ्यांदाही गप्प राहतील का ते मला माहीत नाही.

पुढच्या वेळी असं झालं तर डेबिट नोटच्या उत्तरात कारणाच्या रकान्यात मी लिहिणार आहे: लाइट कर्टन बंद होता म्हणून प्रेस चालवला नाही. खाली माझी सही असेल. ती नोट रद्द करायची की नाही ते तुम्ही ठरवा, आणि जे ठरवाल ते पुढच्या व्हेंडर मीटला त्याच मोठ्या पडद्यावर दाखवा.

आपला,
एक प्रॉडक्शन मॅनेजर
चाकण, जि. पुणे